शिट्टी गेली, म्हणालास

कोल्हापूर,
९ जानेवारी २००८

प्रिय शशिधर,

हे पत्र आपल्या पेटी-दुरुस्तीच्या दुकानाच्या पत्त्यावर न टाकता तुझ्या हुपरीच्या घरी पाठवतो आहे. दुकानात गिऱ्हाइकासमोर फोडशील आणि तुझा चेहरा कुणीतरी बघेल, हे मला नको होतं. नऊ दिवस मी दुकानात आलो नाही. बी.पी. वाढलंय असा निरोप दिला होता. वाढलंय हे खरं, पण न येण्याचं कारण ते नव्हे. तोंडावर बोलायला गेलो तर मी ओरडेन किंवा रडेन, दोन्ही मला नको. माझी शाळा सातवीपर्यंतची, काही वेडंवाकडं लिहिलं गेलं तर सांभाळून घे. म्हणजे, वाचताना तेवढं सांभाळ. बाकीचं सांभाळणं पुरे झालं.

आमची लेक विद्याश्री दिवाळीला आली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर मला देऊन गेली, हे तुला ठाऊक आहे. आपल्या सगळ्या कॅसेटी तिनं त्यात भरून दिल्या. गाणं लावलं आणि दोन मिनिटांत म्हणाली, आप्पा, ही बारीक शिट्टी तुम्हाला कशी सहन होते? मी म्हणालो, रोज डोकं उठतं बघ. शशी, मला शिट्टी ऐकू आलेली नव्हती. मला वाटलं, पोरीकडे बघण्याच्या नादात लक्ष गेलं नसेल. हे मी आधीच लिहून टाकतो, म्हणजे आप्पाही खोटं बोलले असं तुला मागाहून म्हणायला नको.

तिनं मला समजावून सांगितलं होतं. कॉम्प्युटरमध्ये गाणं आकड्यांत असतं. त्या आकड्यांचा आवाज आतल्या आतच करायला गेलं, की आतल्या विजेची शिट्टी त्यात मिसळते. तेच काम बाहेर एका वेगळ्या डबीत केलं की आवाज स्वच्छ येतो. त्या डबीला डॅक म्हणतात. बंगळूरहून तिनं ती कुरिअरनं पाठवली आणि कशी जोडायची ते फोनवर सांगितलं. मी एका कागदावर सगळं लिहून घेतलं, पाठपोट.

त्या रविवारी तू मुद्दाम बस धरून आलास. मला शॉकची धास्ती, म्हणून मी मेन स्विचच बंद केला आणि मग कॉम्प्युटर का चालू होत नाही म्हणून तुझ्यावरच चिडलो. तू हसलास. डबीची वायर कॉम्प्युटरच्या मागे खोचली, लाल-पांढऱ्या पिना भजनी मंडळाच्या जुन्या अँप्लिफायरला लावल्या. आधीची वायर तू काढायला निघालास, तर मी म्हणालो, राहू दे, डबी बिघडली तर? शेजारीच दुसरी जागा मोकळी होती. डबीवर हिरवा दिवा लागला. गाणं सुरू झालं. मी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणालो, शिट्टी गेली बघ.

तू म्हणालास, "व्हय आप्पा, गेली की. लई साफ झालं."

चार दिवस मी ते सांगत फिरलो. गाणं शिकवणाऱ्या शालूबाईंना फोन करून डबीची महती सांगितली. डबीवर धूळ बसू नये म्हणून रुमाल टाकला, मग ती तापेल म्हणून काढला. चौथ्या दिवशी आमची ही, रत्नव्वा, तांदूळ निवडत बसली होती, मी गाणं लावलं तशी ती म्हणाली, "बंद करा ती शिट्टी." मी म्हणालो, ती गेली की. "गेली न्हाय. हाय तिथंच हाय."

मी घाबरून विद्याश्रीला फोन लावला. ती म्हणाली, आप्पा, शेवटचं केलंत ना? मी कागद पालटला. मागच्या बाजूला माझ्याच अक्षरात होतं, की कॉम्प्युटरच्या यादीतून डबीचं नाव निवडायचं. ते राहिलंच होतं. आवाज सगळा जुन्याच वायरीतून येत होता आणि डबी नुसता दिवा लावून बसली होती. मी नाव निवडलं. रत्नव्वा म्हणाली, आता गेली. मला आधीही तसंच ऐकू येत होतं, नंतरही तसंच.

मी म्हणालो, मग शशी व्हय का म्हणाला? त्याचे कान तर शाबूत आहेत. ती तांदळातून मान वर करीना. मी दोनदा विचारलं. मग म्हणाली, "त्याला ठावं हाय. तुमास्नी वरचं ऐकू येत न्हाय, त्ये त्याला कवाचं ठावं हाय."

आणि मग सगळंच बाहेर आलं. मी दुपारी जेवायला घरी येऊन तास-दीड तास पडतो, तेवढ्यात तू मी लावलेली पेटी परत उघडतोस. आतल्या पितळी पट्ट्यांना कानस मारून वरच्या सप्तकाचे सूर पुन्हा लावतोस. मी परत यायच्या आत झाकण बंद. एकदा मी चष्मा विसरलो म्हणून ती दुकानात आली, तेव्हा तिनं ते पाहिलं, आणि तू तिच्याकडून शपथ घेतलीस. माझ्याच दुकानात, माझ्याच बायकोकडून.

मला कसं वाटलं असेल याचा विचार कर. शालूबाई पेटीवर बोट ठेवून म्हणायच्या, आप्पा, वरचा षड्ज काय लावलाय, आणि मी तुझ्याकडे वळून म्हणायचो, बघ, कान तयार कर, नुसता हात चालवून भागत नाही. तू मान खाली घालून हो म्हणायचास. मंडळानं माझा सत्कार केला त्या दिवशी फेटा तूच बांधलास. मी तुला वीस वर्षं शिकवलं, त्याचं तू हे केलंस. शिकलेल्या हातानं माझंच काम पुसलंस आणि वर माझंच नाव राहू दिलंस. चोरानं नेलं असतं तर ओरडता तरी आलं असतं. तू म्हणशील, आप्पांचा मान राहावा म्हणून केलं. मला तो मान नको होता, शशी. मला कुणीतरी सांगायला हवं होतं. तेव्हा सांगितलं असतंस तर मी चिडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो, आणि मग वरचे सूर तुझ्याकडे देऊन खालचे मी लावले असते. तेवढं तरी माझं राहिलं असतं. आता खालचेही माझे की तुझे, कोण सांगणार?

दुकान तू चालव, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पत्र लिहिलं ते एकाच गोष्टीसाठी. मला साल कळव. कुठल्या सालापासून तू माझ्या पेट्या पुन्हा लावतोस? शिरोळपासून गगनबावड्यापर्यंत किती देवळांत, किती घरांत त्या वाजतात. त्यातली शेवटची कुठली मी एकट्यानं लावली, ते मला कळायला हवं. तिच्या गावी जाईन म्हणतो. नीट आठवून लिही, आणि मला बरं वाटावं म्हणून एकही वर्ष पुढचं लिहू नकोस.

रागावलेला, तरी तुझाच,
आप्पा