छान झालंय

१२ मार्च

आजपासून घरात मिरची बंद. म्हणजे ह्यांच्यासाठी. तोंडाच्या कॅन्सरचं रेडिएशन कालच संपलं, तोंड आतून सगळं सोललंय. आहाराच्या बाई म्हणाल्या— ताजं दही, आंबट नको. फडक्यात थोडं टांगायचं. पुदिना-कोथिंबीर अगदी गंधासारखी वाटून त्यात कालवायची, जिरेपूड, किंचित मीठ. मऊ भाताबरोबर द्या. वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल!

सटाण्याचा माणूस. काळ्या मसाल्याच्या रश्श्याशिवाय ज्याला जेवल्यासारखं वाटत नाही, त्याच्यापुढे हे हिरवट दही ठेवायचं.

सगळी वाटी संपवली. "छान झालंय," म्हणाले.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. एकदाही म्हणाले नव्हते.

१५ मार्च

आज परत "छान झालंय." आणि वर "थँक्यू." मला!

सायलीला गंमत वाटली. "आई, बाबा सुधारले गं!" मी हसले. पण खरं लिहायचं तर मला ते लागलं. शुद्ध मराठी हे बँकेत बोलतात, डॉक्टरांशी बोलतात. घरात अहिराणी. मी नाशिकची, मला ती कुठली यायला? ह्यांची बोलणी खात खातच शिकले. राग, रुसवा, लाड, सगळं तिच्यातच. आजारी पडल्यापासून ती बंद. पाहुण्यासारखं वागतात. निघायच्या बेतात असलेला पाहुणा कसा कशालाच नावं ठेवत नाही, तसं.

२२ मार्च

देठं राहिली की कडू होतं, नुसती पानं घ्यायची. आणि दही घुसळायचं नाही, पातळ होतं. चमच्याने हळू फिरवायचं. आज इतकं जमलं की मीच पोळीला लावून खाल्लं. चोरून!

नणंद आल्या, लताबाई. वाटीत डोकावल्या आणि डोळ्याला पदर. "मना भाऊ पाला खाई राहिना व माय!" हे म्हणाले, "अक्का, रडू नकोस. चहा घे ना." सख्ख्या बहिणीशी शुद्ध मराठी! त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा टाकायला उठले.

३१ मार्च

काल पाडवा. सायलीसाठी श्रीखंड केलं. चक्का एकाच फडक्यात टांगला होता, अर्ध्यात साखर-वेलची, अर्धा ह्यांच्यासाठी तसाच. दोन डबे, दोन्ही स्टीलचे, सारखे. आज घाईत मी श्रीखंडातच पुदिना, कोथिंबीर, जिरेपूड, मीठ कालवलं. पत्ताच नाही मला! हे चाटूनपुसून जेवले. "छान झालंय."

वाटी घासायला घेतली आणि बोट चाटलं. शी! वेलची, पुदिना, जिरं, सगळं गोडमिट्ट. तोंडात धरवेना.

म्हणजे ह्यांना काहीच कळत नाही. चव लागते ना, असं मी रोज विचारते. रोज "लागते." डॉक्टरांनाही तेच. मी इकडे देठं निवडत बसते, आणि हा माणूस चुना गिळावा तसं गिळतोय. मला बरं वाटावं म्हणून. वर थँक्यू म्हणतोय. नळ मोठा सोडून रडले.

१ एप्रिल

बोलले नाही. त्यांनी खोटं चालवलंय, मीही चालवते.

"छान झालंय."

"हो ना, आज जमलं."

१९ एप्रिल

आज मीच डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं. म्हणाले, कोणाची चव काही महिन्यांनी परत येते, कोणाची नाही येत, सांगता येत नाही. वजन टिकलंय, नळी टळली. पेढे वाटायला हवेत. मला काही आनंद झाला नाही. मला माझा नवरा हवाय— किरकिऱ्या, ताटावरून भांडणारा. हा सभ्य गृहस्थ कोणी आणून बसवलाय माझ्या घरात?

६ मे

मी चाखणं सोडलंय. दही लावते, वाटते, कालवते, वाटी पुढे ठेवते. एकटीने चव घ्यायची लाज वाटते.

१८ मे

"छान झालंय." मी उठून बाल्कनीत गेले.

२ जून

उकाड्याने दही आंबलं होतं. मला काय माहीत! न चाखताच कालवलं. ह्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. डोळे घट्ट मिटले. मी पाणी घेऊन धावले, म्हटलं ठसका लागला. वाटी माझ्याकडे ढकलली, अर्धी सांडली टेबलावर.

"हाई दही शे का चिंच? तुनी जीभ गई का काय?"