तसाच लाल

बाबा, परवा दादाने राजा घाटाजवळच्या आपल्या घरातून तुमच्यामागे राहिलेला जेवणाचा पाट माझ्याकडे पाठवला. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचंय आणि लाजही वाटतेय. तुम्ही शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचात, त्यामुळे आपल्याकडे लाकडाच्या गप्पा भाजीपाल्यासारख्या चालायच्या. माझं लग्न ठरलं तेव्हा नदीपलीकडच्या रामनगरहून होडीतून तुम्ही पडौकाची एक फळी आणलीत. अंदमानचं लाकूड, वरून मळकट. अंगणात रंधा फिरला आणि आतून असा शेंदरी लाल रंग निघाला की मी ओरडलेच. लाल भुसा तुमच्या धोतरावर, भुवयांवर, वाळत घातलेल्या साड्यांवर. तुम्ही शिंकताय, फळी घेऊन आलेला नावाडी दारातून हसतोय, "गुरुजी, अबहीं से होली?" आणि आई कडाडतेय, "आधी त्या साड्या झटका, मग लेकीचं कौतुक करा!"

त्या एकाच फळीचे तुम्ही दोन पाट केलेत, एक तुम्हाला, एक मला. "कठीण लाकूड आहे गं, पातं बोथट करतं. पण वाकायचं नाही, वाळवी लागायची नाही. पॉलिशवाल्याला मात्र देऊ नकोस, स्पिरिट लागलं की रंग सुटतो. नुसतं तेल पूस." मी मान डोलावत होते आणि मनात म्हणत होते, मैत्रिणींना फ्रिज मिळाले, मला काय, तर पाट! सासरी, सिगऱ्याच्या फ्लॅटमध्ये जेवायचं टेबल होतं. ह्यांच्या बँकेतली माणसं घरी येणार, त्यांच्यासमोर खाली मांडी ठोकून बसायचं? पाट जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला, तो गेलाच.

मग एकदा तुम्ही जेवायला आलात. टेबलाशी अवघडून बसलात, भात कालवताना कोपर कुठे ठेवावं ते तुम्हाला कळेना. चहाच्या वेळी सहज विचारलंत, "पाटाचा रंग कसा आहे गं आता?" म्हटलं, करणाऱ्याला जरा खूश करावं. "अगदी तसाच लाल आहे, बाबा! कालच केल्यासारखा." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "बरं," म्हणालात आणि बशीत चहा ओतून घेतलात. पुन्हा कधी विचारलं नाहीत. मला वाटलं, समाधान झालं तुमचं. कसली मठ्ठ मी!

परवा तुमच्या पाटाचं गुंडाळलेलं सोडलं, तर तो कातासारखा गडद तपकिरी. दादाने दुसराच कुठला पाठवला म्हणून मी माळ्यावरून माझा काढला आणि शेजारी ठेवला. लाकडाच्या रेघा एकातून दुसऱ्यात जुळत होत्या. माझी लेक म्हणाली, "आई, एक ही लकड़ी है, तो फिर तुझा नया कैसे?" तिनेच फोनवर शोधलं. पडौक उजेडात राहिलं की लाली जाते, तपकिरी होतं. अंधारात ठेवलं तर लाल राहतं. तिला गंमत वाटली. मी स्वयंपाकघरात जाऊन लावलेलीच भांडी पुन्हा लावत बसले. अहो, तुम्हाला तर हे माहीतच होतं! म्हणजे मी "तसाच लाल" म्हटलं त्याच क्षणी तुम्हाला कळलं की तुमच्या पाटावर कुणी बसलंच नाही, तो कधी उजेडात आलाच नाही. आणि मी ते कौतुकाने, हसत हसत सांगितलं! रागवायचंत हो बाबा. आईसारखं तोंड सोडायचंत. नुसतं "बरं" काय म्हणालात!

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ठाऊक आहे मला. काल दुपारी लेक कामावर गेल्यावर ताट वाढून घेतलं, माझा पाट मांडला आणि बसायला गेले. गुडघे वाकेनात. ओटा धरून अर्धी वाकले, तशीच उठले आणि टेबलावर जेवले.