लाल फुलांचं विलो

चि. प्रीतिस, कुंभकोणमहून अप्पांचे आशीर्वाद.

जावई मुरली परदेशी वारले, त्यानंतर तू त्यांनी तिकडे लावलेल्या विलोची, त्या लोंबत्या फांद्यांच्या झाडाची, काठी ओल्या कापडात गुंडाळून आणलीस. कावेरीच्या पाण्यावर काठी खोवली की फुटतेच, या आपल्या लोकांच्या गुर्मीत मी ती परसामागच्या पाटाच्या कडेला लावली. तै महिन्यात, पोंगलनंतर, वरच्या धरणातून पाणी बंद झालं आणि उन्हाळ्यात ती वाळली. तुला सांगवेना. तिथंच नर्सरीतलं लोंबत्या फांद्यांचं बॉटलब्रश लावलं आणि दोन वर्षं त्याचेच फोटो धाडत राहिलो.

यंदा त्याला लालभडक फुलं आली. परवा व्हिडिओ कॉलवर शेजारच्या घरातल्या हरिणीनं ती कौतुकानं तुला दाखवली. तू म्हणालीस, "अप्पा, एक पान चुरगाळून वास घ्या बघू."

विलोला अशी लाल फुलं येत नाहीत, पानालाही उग्र वास नसतो. माझ्या हाताला मात्र निलगिरीसारखा वास आला. "काही वास नाही," मी म्हणालो.

तू त्या लाल फुलांकडे पाहत राहिलीस. मग म्हणालीस, "म्हणजे तेच आहे. मुरलीच्या झाडाला पाणी चुकवू नका."

आज दोन घागरी घातल्या. हे पत्र मात्र टपालात टाकणार नाही.

झाडाची राखण करणारा,
तुझा अप्पा कृष्णस्वामी