रेडिओवर सांगू नकोस

१४ मे २०१८

चि. एरास्मो यास,
क्लोरिंदाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आणि बटाट्यांचं पोतं एकदमच मिळालं. बटाटे झकास, पत्र मात्र मातीने माखलेलं. पुढल्या वेळी दोघांना वेगवेगळं बसव.

काल इस्पितळात जाऊन तुझ्या तपासणीची चौकशी केली. झोपेत श्वास बंद पडणाऱ्यांची रांग दीड वर्षाची आहे म्हणे. यंत्र एक, खाट एक, आणि चिलोएच्या सगळ्या बेटांवरचे घोरणारे त्या एका खाटेकडे डोळे लावून बसलेले. खिडकीवरची मुलगी म्हणाली की ऐन वेळी कुणी आलं नाही तर ती जागा दुसऱ्याला देतात, पण फोन लागला पाहिजे. तुमच्या बेटावर फोन फक्त दफनभूमीच्या टेकडीवर लागतो असं सांगितलं, तर तिला हसू आलं. शेवटी मी माझाच नंबर दिला. बोलावणं आलं की रेडिओवर दुपारी बेटांसाठीचे निरोप वाचतात, त्यांत कळवते.

लाँचच्या सुकाणूवर डुलकी लागते हे तू डॉक्टरला सांगितलंस ते बरं केलंस. ओतिलियाला शेजारी बसवत जा, बायको बाजूला असली की डोळा लागणार नाही. माझ्या जिवाला घोर लागलाय.

ताईला विसरू नकोस.
क्लोरिंदा


२५ मे २०१८

ती. क्लोरिंदाताईस,
एरास्मोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र बसवाल्याने धक्क्यावर आणून दिलं आणि मीच माझ्या लाँचमधून बेटावर आणलं. वाटेत फोडलं नाही. टपाल घरी पोचल्यावरच वाटायचं हा तांडेलाचा नेम, मग ते स्वतःचं का असेना.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. रेडिओवर सांगू नकोस. म्हातारा चिग्वाय आठवतो ना? त्याच्या मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेची तारीख रेडिओवर वाचली, तेव्हापासून पोरंटोरंसुद्धा त्याला बसायला उशी देतात. त्याचं हसण्यावारी गेलं. माझं जाणार नाही. ‘तांडेल एरास्मो यांस कळवण्यात येते की झोपेच्या तपासणीस यावे’ असं एकदा ऐकू आलं, की कोण आई आपलं पोर माझ्या लाँचमध्ये बसवील? सगळे बारियाच्या लाँचकडे वळतील आणि बंदराचा अधिकारी माझा परवाना काढून घेईल. मग मी करू काय, बटाटे मोजू? काय असेल ते पत्राने कळव. सोमवारी आणि शुक्रवारी मी धक्क्यावर असतोच.

काळजी करू नकोस. ओतिलिया शेजारी बसते. तिच्या हातात विणायच्या सुया असतात, आणि त्या फक्त विणायला नसतात हे माझ्या बरगड्यांना विचार.

तुझा हात डोक्यावर असू दे.
एरास्मो


४ जुलै २०१८

चि. एरास्मो यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

शुक्रवारी इस्पितळातून फोन आला. एक जण येणार नव्हता, मंगळवारी रात्रीची खाट रिकामी होती. तोवर तुझी लाँच धक्क्यावरून सुटून गेलेली. शनिवारी, रविवारी समुद्र कसा शांत होता. रेडिओवर एक ओळ वाचली असती, तर तू आरामात येऊन पोचला असतास. रेडिओच्या दारापर्यंत जाऊनही आले. मी आजारी आहे असं खोटंच कळवावं म्हटलं, पण अख्खं बेट कोंबड्या घेऊन माझ्या दारात उभं राहिलं असतं. आणि तुला शब्द दिला होता. म्हणून चिठ्ठी लिहून सोमवारच्या बसने धाडली. ती हातात पडली की तू त्याच बसने परत येशील, असा माझा हिशेब.

सोमवारी वारा सुटला आणि बंदर बंद झालं. चिठ्ठी धक्क्यावर, तू बेटावर. खाट दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. बोलावूनही आला नाही म्हणून तुझं नाव रांगेच्या शेवटी गेलं, तसा नियमच आहे म्हणतात. मी त्या मुलीशी भांडले. ती बिचारी रडायलाच लागली.

तुझा राग आलाय, आणि त्याहून जास्त माझा.

क्लोरिंदा


१३ ऑगस्ट २०१८

ती. वन्संना,
ओतिलियाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या भावाला न सांगता लिहिते आहे. त्याच्याच लाँचमधून जाईल, पण टपाल फोडायचं नाही हा नेम तो मोडणार नाही, एवढी खात्री आहे.

पुन्हा फोन आला तर सरळ रेडिओवर सांगून टाका. शिव्या मी खाईन. वन्सं, हा रात्री घोरता घोरता एकदम गप्प होतो. ती शांतता मला ऐकवत नाही. मी कोपर मारते, मग बुडता माणूस वर यावा तसा श्वास घेतो आणि पुन्हा घोरायला लागतो. घोरणं ऐकलं की जीव भांड्यात पडतो. लग्नानंतर याच घोरण्याला मी किती नावं ठेवली. आता रात्रभर तेच ऐकत जागी असते. मी झोपले आणि तो गप्पच राहिला तर?

दिवसा लाँचवर त्याला जागं ठेवायचं कामही माझंच. माते नावाच्या पाल्याचा कडू चहा करून देते, भांडण उकरून काढते. भांडणात तो पेंगत नाही. तुमच्यासाठी लोकरीची शाल विणते आहे, पण मधेच माझेच डोळे मिटतात आणि टाके सुटतात. शाल वाकडीतिकडी झाली तर नावं ठेवू नका.

आमच्यावर लक्ष असू द्या.
ओतिलिया


२० जानेवारी २०१९

ती. क्लोरिंदाताईस,
एरास्मोचा सा. न. वि. वि.

आजकाल टपाल बारियाची लाँच नेते. माझा परवाना मीच जाऊन परत दिला.

दफनाच्या दिवशी तू विचारलंस आणि मी तोंड उघडलं नाही. आता सांगतो. प्रवासी उतरवून आम्ही दोघंच घरी परतत होतो. ऊन होतं, पाणी तळ्यासारखं. ओतिलियाची मान छातीवर पडली, सुया मांडीत. तिला उठवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. रात्र रात्र ती माझ्यासाठी जागी असते, म्हटलं पडू दे घटकाभर. माझा जाड लोकरीचा पोंचो तिच्या अंगावर घातला. मला झोप आलेली नव्हती, ताई, शपथेवर सांगतो. पुढचं आठवतं ते खडकाचं. पोंचो भिजून जड झाला होता, तिला त्यातून हात काढता आले नाहीत.

बंदराच्या अधिकाऱ्याने प्रवाहामुळे घडलं असं लिहिलं. लोकही प्रवाहालाच दोष देत होते आणि मला सूप आणून देत होते. खोट्यावर आलेलं ते सूप मला नको होतं. इस्पितळात हाड जोडायला ठेवलं होतं, तिथे एका रात्रीत तपासणी उरकली. जखमी होऊन आलो म्हणून रांग लागली नाही. झोपेत श्वास चालू ठेवणारं यंत्र आणि त्याचा मुखवटा हातात दिला. म्हणून तुझ्याकडे रेडिओचा निरोप पाठवला, आणि तू एक शब्द न बदलता दिलास, याचे उपकार.

निरोप वाचला तेव्हा मी दार लावून आत बसलो होतो. ‘बेटावरील सर्वांस कळवण्यात येते की प्रवाहाचा दोष नव्हता, तांडेल एरास्मो सुकाणूवर झोपला होता, त्याला झोपेचा आजार आहे.’ वाटलं, आता दगड येतील. संध्याकाळी दार वाजलं. चिग्वाय, बारिया आणि शाळेतल्या पोरांच्या आया उभ्या होत्या. बेटाचं जनित्र मध्यरात्री बंद करतात हे तुला ठाऊकच आहे. चिग्वाय म्हणाला की तुझ्या यंत्राला वीज लागेल, आम्ही पाळीपाळीने जनित्र रात्रभर चालू ठेवू. बारिया पायाकडे बघत म्हणाला, लेका, आधी सांगितलं असतंस तर मी तुझ्या लाँचवर सुकाणू धरलं असतं, तुझी पाळी येईपर्यंत.

दीड वर्षाची रांग होती ताई, आणि त्याला ती काही मोठी वाटली नाही.

आता रात्रभर बेटावर दिवे असतात. मुखवट्याने माझं घोरणं बंद झालंय. तुझी शाल अर्धीच राहिली, ती मी ओतिलियाच्या उशीवर ठेवली आहे. झोप चांगली लागते, आणि सकाळी जाग आली की आधी तिच्या बाजूला कोपर सरकवतो, तिला उठवायला.

राग धरलास तरी पत्र लिहीत जा.
एरास्मो