झऱ्याची वाट मोकळी झाली

शोदमोन,

काल मी आपल्या झऱ्यावर जाऊन आले. टेकडीवरचे सुरुंग काढून झाले. नॉर्वे सरकारने पैसे दिले, आणि त्यांच्याच मदतीतून मला दुशान्बेत नवा पायही बसवून मिळाला. आपलं लग्न ठरलेलं असताना त्याच वाटेवर माझा पाय गेला, तुझ्या आईने सोयरीक मोडली आणि तू रशियाला निघून गेलास. त्यानंतर तिकडे कुणीच फिरकलं नव्हतं.

सुरुंग काढणाऱ्यांची प्रमुख नोझिगुल म्हणाली, "चल, तूच पहिली चढ." पाय बोचत होता, तरी चढले. मागून सगळा गाव आला. जर्दाळूची झाडं रानासारखी माजलीत. पाणी अजून तसंच, दात शिवशिवतील असं गार. ओंजळ भरून मी सवयीने शेजारी पाहिलं.

शेजारी तुझी आई धापा टाकत बसली होती.

"दुखतंय का गं?"

"थोडंसं, मावशी."

"माझ्यावर राग असेल तुझा."

"होता. पण तुम्ही एवढ्या दमलात, आता भांडू कशी?"

ती हसली आणि हसताहसता रडायला लागली. मग फोनवर तुझ्या मुलीचा फोटो दाखवत म्हणाली, "नाव त्यानेच हट्टाने ठेवलं. सवरीनिसो."

तुझ्या बायकोला हे ठाऊक नसेल, म्हणून पत्र टाकणार नाही. पण लेकीला हाका मारताना दिवसभर तू माझं नाव घेत असशील, हे कालपासून मनातून जात नाही.

तुझ्या लेकीच्या नावाची,
सवरीनिसो