निलेशचा पॅच

१२ मे, सोम.
निलेशचा पॅच, कोडमधला बदल, तपासायला आला. कर्नलकडे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडे, मेमरी मागायला प्रोसेसरचे सगळे कोर एकाच लॉकपाशी ताटकळायचे, एका वेळी एकच आत. त्याने प्रत्येक कोरला रिकाम्या मेमरीचा स्वतःचा छोटा साठा दिलाय, तो संपला तरच लॉक. कल्पना चांगली. वेग मात्र जानेवारीत जुन्या कोडवर मोजला होता त्यापेक्षा इतका वाढलाय की मला पचेना. तपासायचं माझ्याकडे. निलेश माझा मावसभाऊ, इथे मीच चिकटवला. शुक्रवारी पॅच कस्टमरच्या सर्व्हरवर चढला की त्याची नोकरी पक्की.

१३ मे
कोड पुन्हा वाचला. एका कोरने घेतलेली मेमरी दुसऱ्याने परत केली तर? तेही सांभाळलंय. चूक सापडेना, म्हणून जास्तच संशय. ब्राह्मणपाऱ्यातून मावशीचा फोन, पोट्ट्याचं पक्कं कधी? बघू म्हटलं. रागावली.

१४ मे
सापडलं. टेस्ट मशीनचे निम्मे कोर बंद! उन्हाळ्यात एसी मान टाकतो म्हणून आमच्याकडे दरवर्षी करतात. जानेवारीत सगळे चालू होते. कोरच निम्मे, तर लॉकपाशी गर्दी होणार कशी? वेग सगळा पॅचचा नव्हेच. निलेशला विचारलं.
"मले कोणी सांगतलंच नाही, ताई."
बोलताना बघत होता स्क्रीनकडे.

१५ मे
सगळे कोर लावून चालवलं. वेग आहे, पण ती जादू नाही. दुपारी मशीन गोठलं. निलेश म्हणतो गरमीने, मला वाटतं पॅचने. लॉगमध्ये काही नाही. आमचे मॅनेजर साहू भैया म्हणाले, कल शाम तक हाँ या ना.

१६ मे, शुक्र.
सकाळी पॅच उघडला, तर खाली तपासणारी म्हणून माझं नाव. मी दिलेलं नाही. निलेशला विचारलं.
"तू देणारच होती ना, ताई? आईले सांगून टाकलं मी, पक्कं झालं म्हणून."
कोरचं त्याला माहीत नव्हतं, यावर परवा अर्धा विश्वास बसला होता. तोही गेला. फार वाईट वाटलं.
नाव खोडलं. गुढियारीहून भाड्याचा कूलर आणून मशीनसमोर लावला, सगळे कोर चालू; गारव्यातही गोठलं तर दोष पॅचचाच. अजून गोठलेलं नाही. निलेश जेवायलाही उठला नाही.
साहू भैया येतीलच विचारायला. कोड परत वाचतेय. कोड बरोबर दिसतो, लिहिणाऱ्यावर विश्वास नाही, हीच पंचाईत.