चुन्याची फुली

३ ऑगस्ट, रविवार

डायरी, लिहिण्यात चुका होतील, माफ कर. आठवीतच शाळा सोडली मी. त्यात मोबाईलची काच खालून तडकलीय, तिथलं अक्षर तीनदा दाबावं लागतं. हळू हळू लिहीन.

आज गलिहदादाने परत बल्ब खाल्ला. बांबूचा घोडा दोन मांड्यांत धरून नाचला, अंगात आलं, डोळे पांढरे — आणि कचाकचा अख्खा बल्ब! मी नेहमीसारखी मोबाईल धरून. लाइव्हला नऊ हजार लोक. वियोतोकाका मागून ओरडत होते, "जवळ जा गं! तोंड दिसू दे त्याचं!" नाचाची टोळी त्यांची, चॅनलही त्यांचंच.

४ ऑगस्ट

व्हिडिओ कापायला बसले. उजेड चांगला पडतो तिथे मी मातीवर चुन्याची फुली काढते, माझ्यासाठी. दादाने घुमत घुमत बल्ब उचलला. मग खाली बघितलं. दोन पावलं सरकला. बरोब्बर फुलीवर!

अंगात आलेल्याला फुली कशी दिसेल?

७ ऑगस्ट

दादाने ताट सरकवलं. तिखट आहे म्हणे. नुसता भात होता.

८ ऑगस्ट

दादा न्हाणीत लाल थुंकला. मी दारातच. "कुणाला बोललीस तर बघ." मग एकदम हळू — "रोजे संपल्यापासून येतच नाही गं अंगात. कितीही नाचलो तरी मी मीच असतो."

मी विचारलं, मग काच तशीच खातोस? जागेपणी?

"मग काय करू? बाबा होते तेव्हापासूनचं नाव आहे. लोक तोंडावर थुंकतील."

१२ ऑगस्ट

काका जेवताना म्हणाले, "सतरा तारखेला दोन बल्ब. लोक मागतायत."

सातिमनआजोबा म्हणाले, "एक पुरे." अंगातलं उतरवायचं काम त्यांचं.

"अहो, अंगात असल्यावर काच म्हणजे क्रुपुक, तळलेला पापड! तोंडात टाकलं की कुर्रम! काय रे गलिह?"

दादा म्हणाला, "हो."

मी पाणी वाढलं. सांगायचं होतं. मला दुकानात साबण मागायची लाज वाटते, हे कसं सांगू!

१७ ऑगस्ट

आज आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन.

मैदान खच्चून भरलेलं, सगळीकडे लाल-पांढरे झेंडे. पहिला बल्ब त्याने चावला, पण गिळला नाही. गालात धरला. गाल फुगलेला. दुसरा हातात. फुलीवर उभा राहिला आणि बघितलं — मोबाईलकडे नाही, माझ्याकडे.

दरवेळी बघणाऱ्यांतही कुणाच्या तरी अंगात येतंच. कुणी बाई, कुणी पोरगा. मला कधी नाही.

मी किंचाळले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. मोबाईल टाकला, आत घुसले, बल्ब ओढून लांब फेकला आणि मातीत लोळले.

"अगं, वेनिंगच्या अंगात आलं!"

"ती? ती तर बोलतसुद्धा नाही!"

चौघांनी धरलं मला. आजोबांनी धूप फिरवला, पाणी मारलं. कानाशी वाकून म्हणाले, "पोरी, आता थांबलीस तरी चालेल." मग उठून सगळ्यांना मोठ्याने — "राखणदार रागावलाय! आज काच बंद!"

दादाने फडक्यात सगळं थुंकलं.

१८ ऑगस्ट

डॉक्टरनी गालातून दोन तुकडे काढले. पोटात नाही म्हणाले. परत काच खाल्ली तर जीवावर बेतेल असंही म्हणाले, काकांच्या समोर.

दादा आता पेज पितोय. सुजलेल्या तोंडाने विचारलं, "खरंच आलं होतं का गं?"

"हो."

हसला. दुखलं त्याला.

२० ऑगस्ट

कुणीतरी माझा व्हिडिओ टाकलाय. चौदा लाख लोकांनी बघितला. नाक्यावर काकांनी नवा बॅनर लावलाय, येत्या रविवारचा. दादाचा फोटो नाही. माझा आहे. हातात बल्ब चिकटवलाय.

आमची मांजर व्याली. चार पिल्लं, शिलाई मशीनखाली.